उष्टा फोन

भागिरथीबाई जगधने यांना घाणीचं काही वाटत नसे. मेलेली घूस शेपटीला धरून बांधापलीकडे भिरकावत आणि हात धुऊन भाकऱ्या थापायला बसत. शिसारी त्यांना एकाच गोष्टीची होती, उष्ट्याची. कोणी तोंड लावलेला पेला त्या राखेनं घासल्याशिवाय घेत नसत. चिमुरडी नात अर्धा पेरू खाऊन उरलेला पुढे करायची, तर त्या तिचा मुका घेत आणि पेरू तिलाच परत देत. "आपलं आपुन संपवायचं, माझी बाय," असं म्हणत.

याला कारण होतं. त्यांच्या आईनं उमेदीची वर्षं बेलापुरात दारोदार फिरून लोकांच्या ताटात उरलेलं पाटीत गोळा करण्यात घालवली. छप्पन साली या लोकांनी बौद्ध धम्म घेतला, तेव्हा वडिलांनी ती पाटी चुलीत घातली आणि सांगितलं, या घरात उपाशी झोपायचं, पण दुसऱ्याचं उष्टं तोंडात घालायचं नाही. भागिरथीबाई तेव्हा परकरात होत्या. ती पाटी जळताना येणारा वास त्या मला सांगत, तेव्हा तो वास अजून त्यांच्या नाकात असल्यासारखा चेहरा करत.

हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं या एका शब्दावर घडलं. ते आठवलं की माझ्या तोंडाला आजही कडू पाणी सुटतं. मी इंदू मुळे, बेलापुरात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली मास्तरीण. या गावातल्या निम्म्या लोकांना मी शिकवलंय, आणि फुकट शिकवलं असं मला या प्रकरणानंतर वाटायला लागलं.

भागिरथीबाईंची वस्ती प्रवरेपलीकडे. नवरा लवकर गेला. पाटाच्या पाण्यावर त्या मेथी, कोथिंबीर, वांगी करत आणि बाजारात स्वतः बसून विकत. भाव एकदाच सांगत. कोणी घासाघीस केली तर जुडी उचलून परत पाटीत ठेवत आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघत. एकुलती लेक प्रज्ञा माझ्या हाताखाली शिकली, नर्सिंगला गेली, नगरच्या एका दवाखान्यात लागली. मग केडगावच्या सचिनशी तिचं लग्न झालं. सचिन कंपनीत होता, बोलायला गोड होता, इस्त्रीचा शर्ट घालायचा. लग्नानंतर सहा महिन्यांत त्यानं तिची नोकरी सोडवली. मग अश्विनी झाली, आमची आशू. ती दुडुदुडु चालायला लागली आणि प्रज्ञाचं माहेरी येणं बंद पडलं.

राहिला फोन. प्रज्ञा रविवारी दुपारी, नवरा झोपला की, केडगावच्या बूथवरून बेलापुरातल्या स्टँडसमोरच्या एसटीडी बूथवर फोन करायची. भागिरथीबाई नदी ओलांडून येत आणि बूथच्या बाकड्यावर वाट बघत बसत. बूथ कसला, बिनदाराची काचेची पेटी. फोन आला की बाकड्यावरची सगळी मंडळी बिडी विझवून यांच्या तोंडाकडे बघत बसायची. प्रज्ञाला पलीकडून तो गलका ऐकू जायचा. ती एवढंच म्हणायची, "बरी आहे."

"बाई," भागिरथीबाई मला एकदा म्हणाल्या, "बरी असती तं लेक कायतरी कुरकुर करती. सासू अशी, भाजी महाग झाली, पोरगी रडती. ही नुसती बरी हाय म्हनती. मला तिचं खरं ऐकायचंय, आन् तिथं कुनी तिसरा कान नको."

त्या सुमारास आमच्याकडे लांब पल्ल्याच्या कॉर्डलेस फोनचं पेव फुटलं होतं. वस्त्यांवर फोनच्या तारा जात नव्हत्या, म्हणून लोक गावातल्या घरी फोन घ्यायचे आणि कॉर्डलेसनं तो मळ्यात न्यायचे. त्याला सरकारी परवानगी होती की नव्हती, याची चौकशी करायला कोणी तयार नव्हतं. भागिरथीबाईंच्या दिराच्या, सहादूच्या गावातल्या घरी फोन होता, पण बांधाच्या भांडणापासून त्या घरात यांचं पाऊल पडत नव्हतं. म्हणून त्या माझ्याकडे आल्या. मी म्हटलं, माझा फोन दिवसभर नुसता बसून असतो, जोडा त्याला.

श्रीरामपूरहून पंकज नावाचा दुकानदार जीपमध्ये सगळं सामान घेऊन आला. खोक्यातला मोठा डबा त्यानं माझ्या फोनला जोडला. त्याची जाड वायर गच्चीवर नेऊन टाकीशेजारच्या पाइपावर बसवलेल्या अँटेनाला लावली. मग आम्ही नदीपलीकडे गेलो. तिथं अंगणात दुसरा पाइप उभा केला, त्यावर दुसरी अँटेना, आणि ओसरीतल्या कोनाड्यात बॅटरीवर चालणारा रिसिव्हर. मध्ये नदी, ऊस, पाट. तार कुठेच नाही.

"मधी तार न्हाई, मग बोलनं जातं कशातून?" भागिरथीबाईंनी विचारलं.

"हवेतून, मावशी."

"हवा तं समद्यांचीच असती."

पंकज हसला. "आतून नंबर असतो त्याला. तुमचं बोलणं तुम्हालाच येणार." माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, हे चालू झालंय ना, मग आता कशालाच हात लावायचा नाही." खोकं, थर्माकोल आणि त्यातलं पुस्तक त्यानं माझ्या माळ्यावर टाकून दिलं. याच माणसानं त्या हंगामात नदीपलीकडे चार-पाच वस्त्यांवर असेच सेट बसवले होते, एकाच खेपेतले. सोसायटीवरच्या आप्पासाहेबांकडे, शेजारच्या गोजरबाईकडे, सहादूकडे.

पहिल्याच आठवड्यात भागिरथीबाईंचा फोन भलत्याच वेळी वाजायला लागला. त्या उचलत. आत कोणीतरी खताच्या गोणीचं बोलत असे, कोणी साडूला लग्नाची तारीख सांगत असे. त्या लगेच खाली ठेवत. "दुसऱ्याचा लागला चुकून," असं मला सांगत. पुढे तर त्या वाजायच्या वेळेवरून ओळखायला लागल्या की हा आपला नव्हे, आणि उचलतच नसत. त्यांच्या मनात एकदाही आलं नाही की दुसऱ्यांच्या घरीही असंच वाजत असेल. आलं असतं तरी त्यांनी हेच धरलं असतं की जसा मी खाली ठेवते तसे तेही ठेवत असतील. सभ्य माणसाची ही एक फार वाईट सवय असते.

रविवारी दुपारी प्रज्ञाचा फोन यायचा. माझ्या घरी घंटी वाजून थांबली की मी समजायची, पलीकडे उचलला. माझा रिसिव्हर उचलला असता तर मलाही ऐकू आलं असतं. मी उचलत नसे. यात शेखी मिरवण्यासारखं काही नाही. दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकू नये, हे काय शिकवावं लागतं?

दोन-तीन रविवार प्रज्ञा बरी आहे म्हणत राहिली. मग एकदा तिनं विचारलं, "आई, तिथं कोण आहे?" भागिरथीबाई म्हणाल्या, "म्हैस हाय आन् मी हाय." आणि मग ती बोलली. सचिन मारतो. नोकरीचं नाव काढलं की मारतो, भाजीत मीठ कमी पडलं की मारतो, आणि मारून झाल्यावर आशूला उचलून बाहेर फिरवायला नेतो, म्हणजे शेजाऱ्यांना कौतुक. मनगट पिरगाळलंय, सुजलंय, दवाखान्यात जाऊ देत नाही. भागिरथीबाई हे सगळं भिंतीकडे तोंड करून ऐकत. मला सांगताना त्यांचा आवाज चढत नसे. हातातली जुडी तेवढी त्या पुन्हा पुन्हा बांधत.

प्रज्ञानं एकदा विचारलं होतं, "आई, हे मधेच टक टक काय वाजतं?" भागिरथीबाईंनी पंकजला निरोप धाडला. तो आला, म्हणाला अँटेना बुटकी पडते, आणि पाइप आणखी उंच करून गेला. त्यानंतर आवाज फारच स्पष्ट यायला लागला. तो किती जणांना स्पष्ट यायला लागला, ते आम्हाला नंतर कळलं.

मग एके दिवशी प्रज्ञा एसटीनं आली. मनगटाला ओढणी गुंडाळलेली, एका पायातली चप्पल तुटलेली. आशू बरोबर नव्हती. सासूनं मुलगी आतल्या खोलीत कोंडून हिला बाहेर काढलं होतं. प्रज्ञा रडत नव्हती. ती नुसती ओसरीत बसून, आशूला दूध कोण पाजेल, ती भाताशिवाय झोपत नाही, एवढंच परत परत बोलत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी सचिनचा फोन आला. भागिरथीबाईंनी उचलला.

तो म्हणाला, "हो, मारलं. परत मारीन. पोरगी माझी आहे, ती तुम्हाला दिसायची नाही. कोणाला सांगायचं त्याला सांगा. मी असा फोन केलाच नाही म्हणेन."

आणि त्यानं तसंच केलं. केडगावभर सांगत सुटला की बायको मोरीत घसरून पडली, डोकं फिरलंय तिचं, पोटची पोर टाकून माहेरी पळाली. दोन्हीकडच्या मंडळींनी बैठक ठरवली. सचिनच्या बाजूचे शेलार गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, बैठकीला प्रमुख बसणार होते. माणूस सरळ होता. त्यांनी निरोप पाठवला, सासू-जावयात कोण खोटं बोलतंय हे मी तोंडाकडे बघून ठरवणार नाही. तिसऱ्या माणसानं ऐकलं असेल तर त्याला आणा, पोर आईकडे देऊ. नसेल तर पोर जिथं आहे तिथंच राहील.

तिसरा माणूस कुठून आणायचा? आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या सभ्यपणाचा राग आला. मी रिसिव्हर उचलला असता तर साक्षीला उभी राहिले असते.

त्याच आठवड्यात बाजारात गोजरबाई भेटली. गोजरबाई म्हणजे शेजारच्या वस्तीवरची कारभारीण, तोंडात मिश्री आणि डोळ्यांत सदा कोणाच्या तरी घराची चौकशी. मेथीच्या जुड्या चाळवत भागिरथीबाईंना म्हणाली, "पोरीच्या मनगटाला आंबेहळद लाव. आन् जावयाचं मनावर घिऊ नको गं. परत मारीन म्हनत्यात, पन मारीत न्हाईत."

भागिरथीबाई बाजार अर्धा टाकून तशाच माझ्याकडे आल्या. मी दार उघडलं तर सरळ मोरीवर गेल्या आणि भडाभडा ओकल्या. मी पाणी दिलं, ते त्यांनी चूळ भरून टाकलं. मग भिंतीला टेकून म्हणाल्या, "बाई, परत मारीन ह्ये तिला कुनी सांगितलं? माझ्या लेकीचं बोलनं उष्टं केलं ह्या लोकांनी. मी ऐकायच्या आधी त्यांनी चाटून घेतलं."

मी माळ्यावर चढले. थर्माकोलमधून ते पुस्तक काढलं. इंग्रजी वाईट होतं, पण पहिल्याच पानावर ठळक छापलं होतं की सगळे संच कारखान्यातून एकाच क्रमांकावर येतात, वापरण्याआधी तो क्रमांक बदलून घ्यावा. डब्याच्या पोटाखाली त्यासाठी इवल्याशा खिट्ट्यांची ओळ होती. ती जशी कारखान्यातून आली तशीच होती. पंकजनं एकाही घरी तिला हात लावला नव्हता. म्हणजे या सगळ्या वस्त्यांचा फोन एकच होता. एकाचा वाजला की सगळ्यांचा वाजत होता, आणि भागिरथीबाई सोडून सगळे तो उचलून कानाला लावत होते. ते टक टक वारा नव्हता, अँटेनाही नव्हती. एकेक जण रिसिव्हर उचलत होता.

यातला कोणी भागिरथीबाईंच्या घरचा चहा घेत नसे. आप्पासाहेब पाण्याच्या पाळीसाठी त्यांच्या अंगणात यायचे, उभ्यानं बोलायचे आणि कप दिसला की म्हणायचे, "आत्ताच झाला." भर उन्हातही त्यांचा आत्ताच झालेला असायचा. हाच माणूस रविवारी जेवून, लोडाला टेकून, तिच्या लेकीच्या सुजलेल्या मनगटाची चव घेत होता. आणि सहादू? तो तर सख्खा दीर. त्याच्या पुतणीला मार बसत होता आणि तो कानाला रिसिव्हर लावून शेंगा फोडत होता.

मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन डबा उलटा केला. म्हटलं, आधी हे बंद करू.

"थांबा, बाई," भागिरथीबाई म्हणाल्या. चेहरा अजून पांढरा होता. "म्हंजी सचिनचं बी ऐकलं असंल त्यांनी."

"ऐकलंच आहे. गोजरबाई बोललीच की."

"मग साक्षीदार मिळाले की मला."

त्याच पावली त्या गोजरबाईकडे गेल्या, मी बरोबर. गोजरबाई म्हणाली, "मी? मी आपलं जगरहाटीचं बोलले गं. आमचा फोन तर कवापासून बंद हाय." तो कोनाड्यात लाल दिवा लावून बसला होता. सहादू म्हणाला, "वयनी, मला त्यातलं काय कळतं? पोरं वापरत्यात." त्याची पोरं पुण्याला शिकत होती.

शेवटी आप्पासाहेब. यांच्या शब्दाला वजन होतं. सोसायटीवर होते, शाळेच्या कमिटीवर होते, आणि सचिनच्या बापाशी त्यांची ओळख होती. ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. आम्हाला बसा म्हणाले नाहीत. मला खुर्ची दाखवली, भागिरथीबाई उभ्याच. मीही बसले नाही.

"भागिरथी," ते म्हणाले, "आम्ही दुसऱ्याचं ऐकणाऱ्यातले नव्हे. तुझं दुःख मला समजतं. पण जे ऐकलंच नाही ते सांगू कसं? आन् असल्या सेटला परवानगी नसते. असा काय बभ्रा झाला तर समद्यांचेच सेट जातील, तुझा बी जाईल. तू शानी हायेस."

परतताना भागिरथीबाई पाटावर थांबल्या आणि थुंकल्या. "बाई, माझी आई उष्टं मागून आनायची, पन सांगून आनायची. मला वाढा म्हनायची. ह्यांनी खाल्लं आन् तोंड पुसून बसले." नदीच्या पुलावर म्हणाल्या, "ज्याला चव लागली तो वास आला की येनारच. त्या नंबराला हात लावू नका."

बैठक त्यांच्याच वस्तीवर झाली, चिंचेखाली सतरंज्या टाकून. शेलार गुरुजी मधे बसले. सगळ्यांनी जय भीम केला. सचिन नवा शर्ट घालून आला होता. आशूला त्यांनी आणलं नव्हतं. प्रज्ञानं आधीच सांगितलं होतं की मी त्याच्यासमोर बसणार नाही, आणि त्या वेळी ती गावात स्टँडसमोरच्या बूथवर होती. का होती, ते आम्हा तिघींनाच माहीत होतं.

सचिन फार सुरेख बोलला. बायकोवर किती जीव आहे, ते सांगितलं. मोरीत घसरली, सांगितलं. फोनचं विचारलं तेव्हा त्यानं कानावर हात ठेवले. "गुरुजी, मी असा फोन कशाला करू? सासूबाईंना राग आलाय, त्या काहीही म्हणतील. मला त्या आईच्या जागी आहेत."

आईच्या जागी म्हणताना त्यानं भागिरथीबाईंकडे बघून मान लववली. मला वाटलं, तोंडात काहीतरी सडकं आलंय आणि चारचौघांत थुंकताही येत नाही.

"भागिरथीबाई," गुरुजींनी विचारलं, "तुमच्याशिवाय हे कोणी ऐकलंय?"

"ऐकलंय, गुरुजी. येतीलच."

ओसरीतला फोन वाजला. भागिरथीबाई उठल्या, रिसिव्हर घेऊन दारात आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलू लागल्या. आधी त्यांनी रिसिव्हर कानापासून थोडा लांब धरला. टक झालं. मग आणखी दोनदा टक टक. मी जवळच बसले होते, मला तिन्ही ऐकू आले.

"व्हय गं, प्रज्ञा. काळजी करू नको. आप्पासाहेब कबूल झालेत साक्ष द्यायला. व्हय, सचिन काय काय बोलला ते समदं सांगनार हायेत. त्यांच्या कानानं ऐकलंय त्यांनी. परवानगीबिरवानगीला भीत न्हाई म्हनले. येतीलच आता. चहा ठेवते मी."

रिसिव्हर कोनाड्यात ठेवून त्या खरंच चुलीकडे गेल्या. सचिनच्या बापानं विचारलं, आप्पासाहेब म्हणजे ते सोसायटीचे? चहा उकळायच्या आत पाटाच्या बाजूनं राजदूत फटफटीचा आवाज आला. आप्पासाहेब अंगात नुसती बंडी, डोक्यावर टोपी नाही, अशा अवतारात अंगणात घुसले. गाडी स्टँडवर लावायचंही भान नव्हतं, ती चिंचेला टेकवली.

"कोण म्हनतं मी साक्ष देनार?" ते ओरडले. "मी कोनाला कबूल झालेलो न्हाई. माझं नाव घ्यायचं काम न्हाई. भागिरथी, तू फोनवर काय वाट्टेल ते सांगतीस?"

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. शाळेत पोराची वही बघताना आम्ही मास्तर लोक करतो तसा.

"नमस्कार. बसा," ते म्हणाले. "त्या फोनवर काय बोलल्या, हे आपल्याला कोणी सांगितलं?"

आप्पासाहेबांनी माझ्याकडे बघितलं, सचिनकडे बघितलं, सचिनच्या बापाकडे बघितलं. इथून त्यांच्या वस्तीपर्यंत कोणी निरोप्या पळत गेला असता तरी एवढ्यात पोचला नसता. हळूहळू त्यांचा चेहरा उतरत गेला. आपण सापडलो हे कळून चुकलेला माणूस कसा दिसतो, ते मी तेव्हा बघितलं, आणि मला त्याची जराही दया आली नाही.

भागिरथीबाई कपबशी घेऊन आल्या. ती त्यांनी आप्पासाहेबांपुढे धरली.

"घ्या, आप्पा. आत्ताच झाला म्हनू नका. माझ्या घरचं उष्टं तुमी दर रविवारी खाल्लंय. ह्यो तं ताजा चहा हाय."

आप्पासाहेबांनी कप घेतला. बशीत चहा सांडला. सगळ्यांच्या देखत ते तो प्याले, शेवटपर्यंत. मग सतरंजीवर बसले आणि गुरुजींनी विचारायच्या आधीच बोलू लागले.

आणि काय सांगू, त्यांना सगळं पाठ होतं. सचिनचा शब्द न् शब्द, तो कुठे थांबला, कुठे हसला, परत मारीन म्हणताना आवाज कसा काढला. रंगून रंगून सांगत होते. हे त्यांनी आधी किती जणांना ओसरीवर सांगितलं असेल, त्याशिवाय इतकं घोटून होत नाही. तेवढ्यात कुंपणाशी गोजरबाई आणि सहादू येऊन उभे राहिलेच होते. तेही फोन उचलूनच आले होते. आप्पासाहेब बोलले म्हटल्यावर त्यांनाही कंठ फुटला. "व्हय, व्हय, असंच म्हनला," गोजरबाई म्हणाली. "पोरगी दिसायची न्हाई म्हनला." आता सगळ्यांनी ऐकलेलं होतं. मी सतरंजीवरून उठून म्हशीकडे जाऊन उभी राहिले. त्या अंगणात मला तेवढीच जागा बरी वाटली.

सचिन उठून जायला लागला. गुरुजींनी त्याला नावानं हाक मारून बसवलं. त्याचा बाप मान खाली घालून म्हणाला, "गुरुजी, पोर उद्या आणून देतो." गुरुजी म्हणाले, "उद्या नाही, आज. मी येतो तुमच्या जीपमध्ये." दिवेलागणीला आशू आजीच्या ओसरीत होती. प्रज्ञा तिला मांडीवर घेऊन भात भरवत होती आणि पोर प्रत्येक घासाला आईच्या मनगटावरच्या पट्टीला हात लावून बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी पंकजला गचांडी धरूनच आणलं असतं, पण तो स्वतःच आला. पुस्तक त्याच्यापुढे धरलं आणि त्या खिट्ट्या माझ्या देखत बदलायला लावल्या. आता भागिरथीबाईंचं बोलणं भागिरथीबाईंनाच.

महिन्याभरानं पंकजनं मला एक गोष्ट सांगितली. आप्पासाहेब त्यांचा सेट दुरुस्तीला घेऊन आले होते. बिघाड काय, तर म्हणे पूर्वीसारखं "पकडत" नाही. पंकजनं रिसिव्हर बघितला तर बोलायच्या भोकांवर दवाखान्यातली चिकटपट्टी नीट कापून लावलेली होती, म्हणजे यांचा खोकला पलीकडे जाऊ नये. आणि हाच माणूस सोसायटीत सांगतो की जगधन्यांच्या लेकीचं प्रकरण मी मिटवलं, त्या घरी चहासुद्धा घेतला.

प्रज्ञाला पुण्यात पुन्हा नर्सची नोकरी लागली. आशूला घेऊन ती तिकडेच राहते. रविवारी दुपारी तिचा फोन येतो. माझ्याकडे घंटी वाजून थांबते. भागिरथीबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहतात. मी प्रज्ञाला शंभरदा सांगितलं, आतला नंबर बदललाय, आता कोणी नाही गं मधे. ती हो बाई म्हणते.

"कशी हायेस?" आई विचारते.

"बरी आहे."

भागिरथीबाई रिसिव्हर ठेवतात. सोमवारचा बाजार उरकला की मंगळवारच्या पहिल्या एसटीनं त्या पुण्याला जातात, लेकीचं खरं काय ते ऐकायला.